आसन आणि आधार

चातुर्मासातील प्रवचनाच्या सभागृहात गेल्या काही वर्षांत एक बदल हळूहळू, पण ठळकपणे झालेला दिसतो. मागच्या भिंतीला लागून पूर्वी तीन-चार खुर्च्या असत. आज त्यांच्या दोन-दोन रांगा लागतात, आणि त्या भरल्यावर उशिरा आलेल्या ज्येष्ठ श्राविका खांबाला टेकून उभ्या राहतात. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा एक खंत असते. खुर्चीवर बसून केलेले सामायिक पूर्ण मानावे काय, गुरुमहाराज समोर विराजमान असताना त्यांच्या बरोबरीच्या उंचीवर बसणे हा अविनय नव्हे काय, असे प्रश्न त्या एकमेकींना हळू आवाजात विचारतात. दुसरीकडे, गुडघ्यांची तक्रार कोणाच्या कानी न जाऊ देता कटासण्यावर ४८ मिनिटे कशीबशी काढणारे आणि नंतर दोघांचे हात धरून उठणारे श्रावकही कमी नाहीत.

संघातील चर्चा बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरते: जमीन की खुर्ची? विधीच्या दृष्टीने याचा निर्णय गुरुमुखातूनच व्हावा. परंतु शरीराच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते आसन घ्यावे हे ठरवण्याआधी बसणाऱ्याचे शरीर कसे आहे, ते कोठे वाकते, कोठे अडते, हे पाहायला हवे. आणि नेमके तेच बहुतेक घरांत पाहिले जात नाही. आधार मात्र मोठ्या तत्परतेने आणला जातो. औषधाच्या दुकानातून कमरेचा पट्टा येतो, माळ्यावरून आजोबांची जुनी काठी खाली उतरते, परगावी राहणारा मुलगा पाठीला लावायची उशी घरपोच धाडतो. यांपैकी एकही वस्तू त्या विशिष्ट शरीराचे माप घेऊन आलेली नसते.

आपल्या परंपरेने देहाच्या स्थितीकडे किती बारकाईने पाहिले आहे, हे येथे आठवण्यासारखे आहे. षडावश्यकांतील कायोत्सर्ग म्हणजे देहाविषयीच्या ममत्वाचा त्याग. पण तो त्याग देह वाटेल तसा टाकून होत नाही. मूलाचारात कायोत्सर्गासाठी दोन पावलांमध्ये चार अंगुळांचे अंतर सांगितले आहे, बाहू सैल सोडायला सांगितले आहेत, आणि सर्व अंग निश्चल असावे असे म्हटले आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराकडे पाहताना किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या बाहुबलींपुढे उभे राहताना हीच स्थिती दिसते: मस्तक, खांदे, कटी आणि पावले एका सरळ ओळीत, आणि कोठेही ताठरपणाचा लवलेश नाही. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते मात्र गोदोहिका आसनात, म्हणजे गाय दोहणारा जसा उकिडवा बसतो तशा स्थितीत, असे कल्पसूत्र सांगते. एकच एक आसन श्रेष्ठ, असा आग्रह या परंपरेत मुळातच नाही.

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्राच्या चौथ्या प्रकाशात पर्यंक, वीर, वज्र, पद्म, भद्र, दंड, उत्कटिका, गोदोहिका आणि कायोत्सर्ग अशी आसने वर्णिली. कायोत्सर्ग उभ्याने किंवा बसूनही होतो, असे त्यांनी तेथेच नोंदवले आहे. आणि ही सगळी यादी दिल्यानंतर त्यांनी जो निकष ठेवला तो फार मोकळा आहे: ज्या आसनाने मन स्थिर होते, तेच ध्यानाचे साधन म्हणून स्वीकारावे. साधूंच्या बाबतीतही शरीराचे बळ पाहण्याची दृष्टी होतीच. ‘जंघाबल क्षीण झाले’ हा शब्दप्रयोग वृद्ध साधू-साध्वींच्या संदर्भात आजही वापरला जातो, आणि विहार अशक्य झालेल्यांना स्थिरवासाची मोकळीक मिळते. व्यवहारसूत्रात वयोवृद्ध स्थविरांना दंड आणि काठी यांसारखी साधने बाळगण्याची अनुमती आहे. आधार घेणे म्हणजे साधनेत उणे पडणे, ही समजूत अलीकडची आहे आणि तिला फारसा आधार नाही.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. गवंडी भिंत उभी करताना ओळंबा सोडतो. शरीराची ठेवण तपासणारे भौतिकोपचारतज्ज्ञही मूलतः हेच करतात. माणसाला बाजूने पाहिले असता घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढून वर जाणारी सरळ रेषा गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून, कमरेच्या सांध्याच्या जरा मागून, खांद्याच्या टोकावरून आणि कानाच्या पाळीवरून जावी, अशी अपेक्षा असते. मान पुढे झुकलेली असेल तर कान रेषेच्या पुढे जातो. पाठीला बाक असेल तर खांदे पुढे येतात आणि तोल सावरण्यासाठी गुडघे नकळत वाकतात. समोरून पाहताना दोन्ही खांदे, दोन्ही कटी आणि दोन्ही गुडघे समपातळीत आहेत काय, हे पाहतात. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दोरीला बांधलेली एखादी जड किल्ली आणि पाहणाऱ्याची स्वस्थ नजर पुरते. मात्र पाहिले जात आहे हे कळताच प्रत्येक जण छाती पुढे काढतो, म्हणून पहिली दोन मिनिटे गप्पांत घालवावीत.

ज्येष्ठांसाठी भिंतीची परीक्षा अधिक उपयोगी पडते. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे राहावे आणि हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते काय, ते पाहावे. डोके टेकत नसेल तर अंतर किती बोटांचे आहे, ते लिहून ठेवावे. मग बाजूने शेवटची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड यांच्यामध्ये हाताची बोटे ठेवून पाहावीत. तेथे दोन बोटांहून अधिक जागा नसेल, तर मणक्यांची उंची कमी झाल्याची शंका घ्यावी. तिसरी गोष्ट म्हणजे उंची. तरुणपणीची उंची जुन्या पासपोर्टवर किंवा नोकरीच्या कागदपत्रांत सापडते. तिच्यात चार सेंटिमीटरांहून अधिक घट झाली असेल, तर ती केवळ वयाच्या माथी मारून चालणार नाही.

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण घराघरांत सर्वांत मोठी हेळसांड येथेच होते. आजीची पाठ वाकली की ‘आता वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो. तिचा बाक कुटुंबाच्या छायाचित्रांत वर्षागणिक वाढत जातो, साडीच्या निऱ्या पुढून लांब होऊ लागतात, आणि कोणाला काही विशेष वाटत नाही. वास्तविक रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत पाठीचे मणके दबून मोडू शकतात, आणि त्यांपैकी बरेचसे अस्थिभंग पडल्यावाचून, मोठ्या वेदनेवाचून होतात. मोरीतली बादली उचलताना किंवा रिक्षा खड्ड्यातून आदळताना पाठीत एक कळ येते, चार दिवस तेल चोळले जाते, आणि मणका दबला तो दबलेलाच राहतो. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. एक साधे क्ष-किरण छायाचित्र आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांतून ही गोष्ट कळते, आणि तिच्यावर उपचार आहेत. असे असताना पाठीच्या बाकाला वयाचा दागिना समजणे, हे प्रेमाचे लक्षण म्हणवत नाही.

या शंकेचा थेट संबंध वंदनविधीशीही आहे. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेल्सन यांनी मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांना नव्याने मणक्याची इजा झाली, तर पाठ पुढे वाकवण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांना. हा अभ्यास लहान आहे, पण तेव्हापासून अशा रुग्णांना पाठ गोल करून पुढे वाकू नये, असे सांगितले जाते. पंचांग प्रणिपातात दोन हात, दोन गुडघे आणि मस्तक भूमीला टेकते. निरोगी शरीराला हा उत्तम व्यायाम आहे. मणके दबलेल्या श्राविकेने मात्र वाकायचेच असेल तर पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून वाकावे, किंवा गुरूंना विचारून मस्तक किंचित नमवून वंदन करावे. नातवंडांसमोर आपण पूर्ण वाकू शकत नाही याची लाज वाटून तिने वेदना सोसत राहणे, याला तप म्हणणे कठीण आहे.

जमिनीवर बसता येणे आणि तेथून उठता येणे, ही स्वतःच एक परीक्षा आहे. ब्राझीलमधील क्लाउडिओ अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठायला सांगितले. बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण. हात, गुडघा यांचा प्रत्येक आधार घेतला की एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा अर्थ कोणी काढू नये. पायांतील बळ, सांध्यांची लवचिकता आणि तोल यांचा एकत्रित हिशेब या एका कृतीत दिसतो, एवढेच त्यातून कळते. रोज दोन-चार वेळा जमिनीवर बसणाऱ्या श्रावकाची ही परीक्षा आपोआपच होत असते. गेल्या पर्युषणात एका हाताच्या आधाराने उठणारी व्यक्ती या वर्षी दोन्ही हात टेकू लागली असेल, तर घरच्यांनी त्याची दखल घ्यावी. ज्यांचा तोल आधीच जातो, त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

जमिनीवर बसण्यातील अडचण बहुतेकांना गुडघ्यात वाटते, पण ती सुरू होते कटिभागात. पद्मासनातील जिनप्रतिमा पाहावी: दोन्ही गुडघे भूमीला टेकलेले, बैठक रुंद, आणि त्या स्थिर पायावर पाठीचा कणा आपोआप उभा. ज्यांचे कमरेचे सांधे आखडलेले असतात त्यांचे गुडघे मांडी घातल्यावर हवेत राहतात. मग कटीचा भाग मागे कलंडतो, कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, पाठ धनुष्यासारखी गोल होते आणि समोर पाहण्यासाठी मान उचलावी लागते. दहा मिनिटांत पाठ भरून येते. अशांना ‘ताठ बसा’ असे सांगण्यात अर्थ नसतो, कारण ताठ राहण्यासाठी त्यांचे स्नायू सतत झुंजत असतात. बैठकीखाली घोंगडीची घडी, गरजेप्रमाणे चार ते सहा बोटे उंच, ठेवली की गुडघे कटीच्या खाली येतात आणि पाठ विनासायास सरळ होते. घडी फक्त बैठकीखाली असावी, पायांखाली नको. पायांखालीही आली तर उंचीचा लाभ नाहीसा होतो. मांडी घालून गुडघे तरंगतच असतील तर त्यांच्याखाली लहान उश्या सरकवाव्यात. पद्मासनाच्या हट्टापायी गुडघा पिळणे मात्र टाळावे. पाय वळतो तो कमरेच्या सांध्यातून. तेथे वाव नसेल तर तो भार गुडघ्यावर येतो, आणि गुडघा पिळण्यासाठी घडलेला नाही.

आणखी एक गोष्ट. बसल्याने मणक्यांमधील चकत्यांवर उभे राहण्यापेक्षा अधिक दाब पडतो, असे स्वीडनमधील नाखेमसन यांच्या मोजमापांनंतर अनेक वर्षे शिकवले गेले. १९९९ साली जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत मापक बसवून दिवसभराच्या हालचालींचा दाब नोंदवला. त्यात सैल बसण्याचा दाब उभे राहण्याहून जास्त आढळला नाही. म्हणजे आदर्श बसण्याचे एकमेव चित्र विज्ञानाकडेही नाही. बहुतेक तज्ज्ञ एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत: फार वेळ एकाच स्थितीत राहणे शरीराला मानवत नाही. चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपून होते, आणि भार कमी-जास्त होण्याने त्याला साहाय्य मिळते. प्रतिक्रमणात पुन्हा पुन्हा येणारे उठणे, वंदन, उभ्याने कायोत्सर्ग आणि परत बसणे यांचा हेतू अर्थातच आत्मशुद्धीचा आहे. शरीराला मात्र त्यातून हवा तो बदल अनायासे मिळतो. संवत्सरी प्रतिक्रमणात मध्ये उभे राहण्याचा कंटाळा करून पूर्ण वेळ बसून राहणाऱ्यांची पाठ म्हणूनच जास्त दुखते.

खुर्चीकडे वळल्यावर तर निष्काळजीपणाच अधिक दिसतो. मंगल कार्यालयातून भाड्याने येणारी प्लास्टिकची खुर्ची सर्वांना एकच माप देते. तिची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे कटी मागे कलंडते आणि उठताना शरीर त्या उतारातून वर खेचावे लागते. पाच फुटांच्या आतल्या आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मांडीच्या मागच्या बाजूला बैठकीची कड रुतते आणि तासाभराने पाय सुजल्यासारखे होतात. योग्य खुर्ची ओळखणे अवघड नाही. पाठ मागे टेकवून बसल्यावर दोन्ही पावले सपाट टेकावीत, मांड्या साधारण आडव्या असाव्यात, आणि बैठकीची कड व गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटे जावीत. हात असलेली खुर्ची घ्यावी, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठण्यासाठी आधार जास्त लागतो. पाय टेकत नसतील तर पायांखाली पूजेच्या पाटासारखाच एखादा वेगळा लाकडी पाट ठेवला की काम होते.

काठीविषयी तर दहांपैकी नऊ घरांत दोन चुका सापडाव्यात. पहिली चूक उंचीची. नेहमीची पादत्राणे घालून उभे राहावे, हात सैल सोडावा, आणि काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर येते काय ते पाहावे. ती धरल्यावर कोपर किंचित, वीस ते तीस अंशांनी, वाकलेले असावे. काठी लांब असेल तर खांदा वर उचलला जातो, आखूड असेल तर माणूस तिच्याकडे झुकतो. सहा फुटी आजोबांची काठी त्यांच्यामागे पाच फुटी आजींनी वापरणे, हा भावनेचा विषय असू शकतो. पण मग ती कापून घ्यावी आणि तळाचा रबर नवा बसवावा. झिजलेला गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर काठी नसण्याहून घातक ठरतो.

दुसरी चूक बाजूची. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरावी, असे बहुतेकांना स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती विरुद्ध हातात हवी. चालताना शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर येतो. तोल राखण्यासाठी त्या बाजूचे कटीचे स्नायू जोराने आवळतात आणि कमरेच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. विरुद्ध हातातील काठी सांध्यापासून दूर असल्याने थोड्याशा जोरातही स्नायूंचे काम हलके करते. म्हणून उजवी बाजू दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी, आणि ती उजव्या पावलाबरोबर पुढे टाकावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी व दुखरा पाय आधी. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्यांवर हा एवढा क्रम पाळला तरी फरक पडतो. आणि तेथे गुडघे दुखतात ते चढताना कमी, उतरताना अधिक, हे यात्रेकरूंना ठाऊक असतेच.

कमरेच्या पट्ट्याची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ साली उपलब्ध पुरावे तपासून, निरोगी कामगारांना पट्ट्याने पाठीच्या इजेपासून संरक्षण मिळते असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. मणका मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर तज्ज्ञांनी ठरावीक काळासाठी दिलेला पट्टा ही वेगळी बाब आहे. त्याचे माप घेतले जाते आणि तो कधी सोडायचा हेही सांगितले जाते. दुकानातून परस्पर आणलेला आणि तीन वर्षे रोज बांधला जाणारा पट्टा ही सवय आहे.

ज्येष्ठांच्या या चर्चेत किशोरवयीन मुली विसरल्या जातात. दहा-बारा वर्षांची मुलगी स्वतःचे कपडे स्वतः घालू लागते, आणि त्यानंतर तिची उघडी पाठ घरात कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नेमके याच वयात कण्याचा आडवा बाक झपाट्याने वाढू शकतो. एक खांदा वर, कुर्त्याची कड एका बाजूला खाली, ओढणी सारखी एकीकडे घसरणे, अशा खुणा आईला दिसू शकतात. दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाठ पाहावी. एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. विल्यम अॅडम्स यांनी १८६५ साली सांगितलेली ही परीक्षा आजही शाळांत वापरली जाते. पोक काढून बसणारी मुलगी सांगितल्यावर सरळ होते, हा बाक मात्र सांगून सरळ होत नाही. म्हणून अशा मुलीला रागावण्यात काही हशील नाही. येथे आधार देणारे साधन खरोखर उपयोगी पडते. १९४० च्या दशकात मिलवॉकीच्या ब्लाउंट आणि श्मिट यांनी हनुवटीपासून कमरेपर्यंतचा लोखंडी सांगाडा तयार केला होता. आताची साधने प्लास्टिकची असून कपड्यांखाली लपतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असे साधन वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. साधन जितके अधिक तास घातले, तितका लाभ अधिक. वर्गातल्या मैत्रिणींच्या नजरा सोसून ते दिवसातून तेरा तास आणि त्याहून अधिक घालणारी मुलगी जे करते, ते मोठ्यांनी पाहण्यासारखे आहे.

माणसाच्या आसनाला प्रमाण मानून साधन घडवल्याचे सर्वांत मोठे उदाहरण जयपूरचे आहे, आणि जैन समाजाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल बुटात बसण्यासाठी बनलेले होते. त्याचा घोटा वाकत नसे. ते लावून शेतकऱ्याला उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी चिखलात उतरता येईना, देवळाच्या उंबऱ्याशी बूट काढता येईना. अनेकांनी ते पाऊल कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी घेतली. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकडाचे असे पाऊल तयार केले की ज्याचा घोटा सर्व बाजूंनी हलतो, आणि ज्याला बूट लागत नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांच्या हातांचे कौतुक त्या मानाने कमी झाले. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी जयपूरमध्ये भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती स्थापन केली आणि हे पाऊल विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. पाय गमावलेला श्रावक या पावलावर मंदिरात अनवाणी जातो आणि मांडी घालून पूजेला बसतो.

पर्युषणाच्या पूर्वतयारीत मंडपवाल्याला खुर्च्यांची संख्या सांगितली जाते. त्याच वेळी हात असलेल्या दहा-बारा खुर्च्या दोन वेगवेगळ्या उंचीच्या मागवाव्यात, पायांखाली ठेवायला पाच-सहा पाट आणि बैठकीखाली घ्यायला घोंगड्यांच्या घड्या एका कोपऱ्यात ठेवाव्यात, आणि उपाश्रयाच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे काय, ते कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः चढून-उतरून पाहावे. खर्च फारसा नाही. खुर्च्यांची रांग मागच्या भिंतीशी न लावता एका बाजूला पुढेपर्यंत लावली, तर ज्येष्ठांना प्रवचन नीट ऐकूही येते.